पाचची रिंग

मिस्त्रीने लिफ्टच्या टपावर उभं राहून तारेच्या दोराला जुन्या बनियनची चिंधी गुंडाळली आणि ती हलक्या हाताने वरून खाली ओढत आणली. दोरातली एखादी तार तुटून बाहेर आली असली तर डोळ्यांना चटकन दिसत नाही, चिंधीला मात्र बरोबर सापडते. दोर चार होते. तिसऱ्यावर चिंधी किंचित अडल्यासारखी वाटली, म्हणून त्याने कपाळावरचा दिवा जवळ नेला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या उघड्या दारातून हाक आली.

"मिस्त्री! आहेस का रे वर?"

आवाज भिंगकाकांचा होता. भिंगकाका म्हणजे कोपऱ्यावरचे चष्मेवाले. पासष्टी ओलांडली तरी भिंगं अजून स्वतःच्या हाताने घासायचे, म्हणून अख्ख्या गल्लीने त्यांचं हे नाव पाडलेलं. याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते एकटे राहत.

"आहे काका. पण डोकं आत घालू नका!"

"नाही घालत रे बाबा, एकच डोकं आहे. ऐक, रविवारच्या बैठकीत मी बोलणार होतो ना, ते तू बोल."

"मी?"

"माझा घसा बसलाय. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तोंडाला कुलूप."

तोंडाला कुलूप लावलेला माणूस सहा मजल्यांच्या पोकळीत घुमेल अशा आवाजात बोलत होता, हे एरवी मिस्त्रीच्या लक्षात आलं असतं. पण पुढचं वाक्य ऐकून त्याचं लक्षच उडालं.

"आणि विषयही तुझाच आहे. देवाला धरून राहणं, मध्येच हात सुटू न देणं. अकरा वर्षांत एक सकाळ चुकली नाही तुझी. तुझ्याइतकं हक्काने कोण बोलणार?"

मिस्त्रीने दोरावरची चिंधी काढून घेतली.

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो नाही. बोलतो म्हण."

"बोलतो."

भिंगकाकांच्या चपला फटफट वाजत जिन्याने वर गेल्या. मिस्त्री तसाच उभा राहिला. चिंधी कुठल्या दोरावर अडली होती ते त्याला काही केल्या आठवेना. शेवटी त्याने चारही दोर पुन्हा पहिल्यापासून तपासले आणि त्यात दुपारचं जेवण राहून गेलं.

खरी गोष्ट अशी होती, की अकरा वर्षं एकही सकाळ न चुकवलेला हा माणूस गेले सात महिने गाढ झोपा काढत होता.

अकरा वर्षांपूर्वी याच इमारतीत तो असाच टपावर उभा असताना लिफ्ट सुटली. जुना कारभार होता, देखभाल नावालाच. दीड मजला खाली गेल्यावर सेफ्टीच्या जबड्यांनी दोन्ही बाजूंचे रूळ पकडले आणि लिफ्ट हिसका देऊन थांबली. मिस्त्री टपावर उताणा पडला होता, एक पाय दोरांमध्ये अडकलेला, वर काळोख. मदत यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात तो आयुष्यात पहिल्यांदा देवाशी मोकळेपणाने बोलला. आधी त्याने देवाला झापझाप झापलं, मग हात जोडले, मग घरचं सगळं सांगितलं, आणि शेवटी सांगायला काही उरलं नाही तेव्हा नुसता सोबतीला बसावं तसा पडून राहिला. आपण एकटे नाही, हे त्याला त्या वेळी इतकं स्वच्छ कळलं होतं, की पाय सुटल्यावर त्याला थोडं वाईटच वाटलं.

बाहेर काढल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आत कोणाशी बोलत होतास रे?"

"देवाशी," मिस्त्री ओशाळून म्हणाला.

"मग आता बाहेर आलास म्हणून बंद करणार?"

ते भिंगकाका. रविवारच्या बैठकीला त्यांनीच त्याला पहिल्यांदा नेलं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमत, थोडं गाणं होई, कोणीतरी दहा मिनिटं बोले, आणि मग सगळे मिळून प्रार्थना करत. आणि पाचच्या रिंगचा नियमही काकांनीच काढला. पहाटे उठायचं, तोंड धुवायचं आणि बसण्याआधी समोरच्याला फोनची एक रिंग द्यायची. मिस्त्रीने आधी द्यायची, काकांनी उलट द्यायची. फोन उचलायचा नाही, कारण दिवसाचं पहिलं बोलणं देवाशी.

मिस्त्रीने हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला. तापात पाळला. भाचीच्या लग्नात, पाय ठेवायला जागा नसलेल्या घरात, जिन्याच्या पायरीवर बसून पाळला. त्याची प्रार्थना म्हणजे तरी काय, कामाचा अहवालच असायचा. आज अमुक इमारतीचे दोर बदलायचे आहेत, तमुक इमारतीतल्या आजींना दार जड जातं, त्या चार नंबरच्या लिफ्टमधून रोज हसत उतरणारी मुलगी दोन दिवस रडवेली दिसते, तिच्याकडे बघ. तास कधी संपायचा ते कळायचं नाही.

आणि मग सात महिन्यांपूर्वी एका गारठ्याच्या पहाटे पांघरुणाबाहेर यायचं अगदी जिवावर आलं. पाचचा गजर झाला. उठतोच आहे पाच मिनिटांत, असं म्हणून त्याने पांघरुणातूनच रिंग दिली. उलट रिंग आली. पुढे एकदम सात वाजले. दिवसभर तो धास्तावलेला होता, पण सगळ्या लिफ्ट सुरळीत चालल्या, कोणी ओरडलं नाही, आभाळ काही कोसळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने चरफडत उठायचं ठरवलं आणि पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशी ठरवलंसुद्धा नाही. आठवड्याभरात गजर, रिंग आणि झोप यांची अशी छान घडी बसली, की त्याला पूर्ण जागसुद्धा येईनाशी झाली. मध्येच कधीतरी चुटपुट लागायची. तेव्हा तो स्वतःला म्हणायचा, आता वय झालं, शरीराला विश्रांती नको का, देवाला काय माणसाचं कळत नाही? देवाला कळतं हे खरंच होतं, आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

एक फरक मात्र पडला होता आणि तो त्याला स्वतःलाही टोचायचा. लिफ्टच्या आत एक पाटी असते, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. पूर्वी त्या पाटीखाली उभी असलेली माणसं त्याला एकेकटी दिसायची. हल्ली नुसती किलो दिसायची.

त्या संध्याकाळी त्याने बायकोला रविवारचं सांगितलं. ती रोपवाटिकेत कामाला होती. नखांतली माती ब्रशने घासता घासता तिने ऐकून घेतलं.

"मग काय बोलणार?"

"तोच विचार करतोय."

"झोपेवर बोला. अभ्यास दांडगा आहे तुमचा."

बायकोला ठाऊक असणार हे उघडच होतं, एकाच खोलीत तर झोपत होते. पण सात महिन्यांत ती एकदाच बोलली होती. तुमचं बोट मात्र फार भाविक आहे हो, रोज पाचला उठतं, एवढंच म्हणाली होती आणि चहा ओतायला लागली होती. तेव्हा तोही हसला होता.

आज ती हसली नाही. ब्रश बाजूला ठेवून ती समोर बसली.

"एक सांगू? मला देवाधर्मातलं तुमच्याएवढं कळत नाही. पण तुम्ही उठलात की मला जाग यायची. तुम्ही स्वयंपाकघरात पुटपुटत असायचात. मी तशीच पडून ऐकायचे. लोकांची नावं यायची, मग माझं नाव यायचं. ते आलं की मी पुन्हा झोपायचे."

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"काय बोलू? माझं नाव घ्या म्हणून?"

तिने नळ सोडला आणि पाठमोरी होऊन हात धुऊ लागली. मिस्त्रीला स्वतःची अतोनात लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्याने गजराचं घड्याळ कपाटावर ठेवलं, म्हणजे बंद करायला तरी उठावं लागेल. उठला. तोंड धुतलं, रिंग दिली, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला आणि डोळे मिटले. काही म्हणजे काही सुचेना. नेहमीची वाक्यं जीभ आपोआप म्हणत होती आणि मन भलतीकडेच होतं. थोड्या वेळाने मात्र त्याला अगदी भरभरून सुचायला लागलं. बंधूंनो आणि भगिनींनो, निष्ठा म्हणजे काय, तर रोजच्या लहान गोष्टी. वाक्यावर वाक्य येऊ लागलं. तीस माणसं माना डोलवताना दिसली. पाव तासाने त्याच्या लक्षात आलं, की आपण देवासमोर बसून रविवारच्या भाषणाची तालीम करतोय.

तो खाडकन उठला. झोपून राहणं परवडलं, असं त्याला वाटलं. झोपेत निदान माणूस सोंग तरी करत नाही. शनिवारी त्याने सकाळची दोन कामं उरकली आणि दुपारी थेट चष्म्याचं दुकान गाठलं.

भिंगकाका मागच्या बाजूला चाकावर भिंग घासत बसले होते. चाकावर वरून थेंब थेंब पाणी पडत होतं. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. मिस्त्री डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसला, कारण दुसरी खुर्चीच नव्हती. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं, खाली खाली बारीक होत गेलेली. काकांच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं.

"काका, मी उद्या बोलणार नाही."

"का रे?"

"मी उठत नाही."

चाक फिरतच राहिलं.

"सात महिने झाले. पांघरुणातून रिंग देतो आणि झोपतो. एखाद दिवस नाही काका, रोज. काल उठलो तर तिथेही नाटकच केलं. बैठकीला काय तोंड दाखवू? तुम्ही सगळ्यांना सांगता, मिस्त्रीची एक सकाळ चुकली नाही म्हणून. मला बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं होतं."

भिंगकाकांनी चाक थांबवलं. भिंग फडक्याने पुसलं, खिडकीच्या उजेडात धरलं, पुन्हा पुसलं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

मिस्त्रीने मान वळवली. "ठाऊक आहे? कोणी सांगितलं? हिने?"

"ती कशाला सांगेल? तूच सांगितलंस. पूर्वी तुझी रिंग कधी पाच वाजून सात मिनिटांनी यायची, कधी अकरा मिनिटांनी. चप्पल सापडायची नाही, टॉवेल ओला असायचा, माणसाचं काहीतरी असतंच. मग एकदम रोज पाचच्या ठोक्याला यायला लागली. अरे, दहाला येतो सांगून साडेअकराला उगवणारा माणूस तू. इतका वक्तशीर कधीपासून झालास?"

मिस्त्रीला हसू यायला हवं होतं, पण राग आला.

"मग बोलला का नाहीत? वयाने मोठे तुम्ही. एक कानाखाली वाजवायची होती!"

भिंगकाकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पुन्हा वर सरकवला. एवढा बोलका माणूस, पण शब्द शोधावे लागत होते.

"तुला वाटत असेल, काका मोठे धीराचे, मुद्दाम वाट बघत बसले. तसलं काही नाही. मी घाबरलो."

"कशाला?"

"विचारलं असतं तर तुला लाज वाटली असती आणि तू रिंग बंद केली असतीस. मग मला कोण उठवणार?"

"तुम्हाला?"

"मग तुला काय वाटलं, ही रिंग मी तुझ्यासाठी काढली?" भिंगकाका कसंनुसं हसले. "काकू गेली त्यानंतर तीन वर्षं मी देवाशी एक अक्षर बोललो नव्हतो. बैठकीला यायचो. उभा राहून बोलायचोसुद्धा, आणि बरा बोलायचो. घरी आलो की भिंतीकडे बघत बसायचो. मग एक दिवस आमच्या लिफ्टच्या दाराआडून तू ऐकू आलास. देवाला काय वाटेल ते बोलत होतास. मी दाराला कान लावून पाऊण तास उभा होतो मिस्त्री. वाटलं, आत कोणीतरी ऐकणारा असल्याशिवाय माणूस असा भांडणार नाही. याला धरून राहावं, म्हणजे आपणही पोचू. म्हणून ती रिंग. घड्याळाचा गजर बंद करून मी कितीदा झोपलो होतो. पण माणूस जागा होऊन हाक मारतोय म्हटल्यावर झोपायचं कसं?"

थेंब थेंब पाणी थांबलेल्या चाकावर पडत होतं. काकांनी हात लांब करून तोटी बंद केली.

"पण ती खोटी होती काका. सात महिने खोटी होती."

"तुझ्याकडून निघताना खोटी होती. माझ्याकडे पोचली तेव्हा मी उठलोच की. तोंड धुतलं, बसलो. तुझ्यासाठीही मागितलं रोज. आता तुझ्या खोट्या रिंगवर तो मला खरं उठवत असेल, तर त्याला मी काय बोलू?"

मिस्त्रीने तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यांत वरचं मोठं अक्षरसुद्धा त्याला धड दिसेना. बाहीने डोळे पुसायला गेला तर बाहीला ग्रीस होतं, म्हणून काकांनी भिंगाचं मऊ फडकं पुढे केलं. तो रडला आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"आणि घसा?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

"घसा ठणठणीत आहे. समोरासमोर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून बसवला. म्हटलं, हा बोलायला उभा राहील तरी, नाहीतर माझ्याकडे येईल तरी."

"म्हणजे आता मी नको बोलायला."

"आता तर तूच बोल."

"आणि रिंग?"

"ती देत जा रे बाबा. मी काय सुधारलोय होय?"

रविवारी मिस्त्री उभा राहिला तेव्हा त्याने खिशातला कागद काढलाच नाही. तीसच माणसं होती, सगळी ओळखीची. बायको शेवटच्या रांगेत बसली होती. ती सहसा यायची नाही, पण दुकानातलं सगळं त्याने तिला आदल्या रात्री सांगितलं होतं.

"काका तुम्हाला अकरा वर्षं सांगतात," तो म्हणाला. "ती दहा वर्षं पाच महिने आहेत. पुढचे सात महिने मी झोपलो होतो आणि उठल्याचं दाखवत होतो."

हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. पुढचं काय बोलावं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो कामाचंच बोलला.

"लिफ्ट वेगाने पडायला लागली, तर तिला धरायला जबडे असतात. मला त्यांनीच वाचवलं. पण ब्रेक झिजला आणि लिफ्ट बोटभर, बोटभर खाली सरकत राहिली, तर त्या जबड्यांना पत्ताच लागत नाही. ते वेगावर चालतात. मग कळतं कधी? दार उघडल्यावर बाहेर पडणाऱ्या माणसाचं पाऊल अडखळतं. लिफ्ट मजल्याला लागलेली नसते. मी पडलो असतो तर आवाज झाला असता, तुम्ही धावत आला असतात. मी पडलो नाही. मी सरकत आलो. माझ्या घरात पाऊल अडखळत होतं आणि मी बघत नव्हतो." त्याने एकदा शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "आता ब्रेक नवा बसवायचा आहे. तो माझ्याच्याने बसत नाही, शुक्रवारी प्रयत्न करून पाहिला. देवालाच सांगितलंय. तुम्हीही सांगा. एवढंच."

चार मिनिटंही झाली नव्हती. कोणी माना डोलवल्या नाहीत. कोणीतरी खाकरलं, गाणं सुरू करणाऱ्या बाईंना सूर सापडायला वेळ लागला. मिस्त्री खाली बसला तेव्हा शेजारच्या भिंगकाकांनी त्याच्या मांडीवर नुसता हात ठेवला. घसा बसलेला असल्यामुळे त्यांना काही बोलता येत नव्हतं.

निघताना जिन्यावर निवृत्त नर्सबाईंनी त्याला थांबवलं. बाई मोठ्या कडक. बैठकीला कोणी उशिरा आलं तर घड्याळाकडे बघायच्या.

"मिस्त्री, माझंही पाऊल अडखळतंय दारात."

"कुठल्या इमारतीत? उद्याच येऊन बघतो," मिस्त्री सवयीने म्हणाला.

बाई नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. मिस्त्रीच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडला. त्याने मान हलवली आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन तो त्यांच्याबरोबर खालपर्यंत उतरला. घरी जाताना, रस्ता ओलांडायच्या वेळी बायकोने त्याचा दंड धरला, तो पुढे तसाच धरून ठेवला.

सोमवारी त्याला गजराआधीच जाग आली. पुन्हा शुक्रवारसारखं होईल, अशी भीती वाटत होती. तो उठला, घड्याळ आवाज करायच्या आत बंद केलं आणि चाचपडत स्वयंपाकघरात गेला. थंड पाण्याने तोंड धुतलं आणि खुर्चीवर बसला. बराच वेळ काहीच झालं नाही. फ्रिज घरघरत होता. सुचत नव्हतं तरी त्याने जुनी वाक्यं म्हणायची नाहीत, असं ठरवलं होतं.

"मी आलोय," शेवटी तो म्हणाला.

एवढंच खरं होतं, म्हणून तो तिथेच थांबला. मग म्हणाला, "उशीर झाला." मग, "रागावला असशील तर रागाव, पण जाऊ नकोस." त्यानंतर त्याने बायकोचं नाव घेतलं. घेतलं आणि मग बांध फुटावा तसं सात महिन्यांचं सगळं एकामागून एक यायला लागलं. कोणाकोणावर खेकसला ते आलं. नर्सबाई आल्या, त्यांच्या दारातलं पाऊल आलं. आजी आल्या, चार नंबरच्या लिफ्टमधली मुलगी आली, ती आता कशी आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं, तेही त्याने सांगून टाकलं. खिडकीत उजाडायला लागलं होतं, पण त्याचे डोळे मिटलेले होते.

आतल्या खोलीत फोन वाजला. एकदा वाजून थांबला नाही, वाजतच राहिला. बायको उठल्याची चाहूल लागली.

"काका? काय झालं?" तिचा आवाज झोपेने जड होता. "नाही नाही, बरे आहेत. उठलेत की, केव्हाचे. स्वयंपाकघरात बसलेत. रिंग? दिली नाही?"

रिंग! अकरा वर्षांत पहिल्यांदा मिस्त्री ती द्यायचं साफ विसरला होता.

"विसरले असतील हो," बायको म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, "मग आज तुम्हाला कोणी उठवलं?"

पलीकडून भिंगकाका काय म्हणाले ते मिस्त्रीला ऐकू आलं नाही. पण बायको हलकंसं हसली. तिची पावलं स्वयंपाकघराकडे आली.

"थांबा, त्यांना देते हं."

दार उघडलं. काकांना असं ताटकळत ठेवणं बरं नाही, हे मिस्त्रीला कळत होतं. चटकन उठून दोन शब्द बोलावेत, चुकलो म्हणावं, असं त्याच्या मनात आलंही. पण इकडचं बोलणं अजून संपलं नव्हतं. त्याने डोळे उघडले नाहीत.

बायको दारातच थबकली.

"काका," मग ती अगदी हळू म्हणाली, "ते मागाहून फोन करतील तुम्हाला."

तिने दार पुन्हा ओढून घेतलं आणि मिस्त्री पुढे बोलू लागला.